रोझाबायचं नववं पान

मालवणहून आचऱ्याकडे जाताना वाटेत कुठल्याही बंदरावर थांबा आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांची नावं वाचत चला. दहातली सहा तरी रोझालिना ब्रिटोच्या हातची निघतील. ओळखायला फार अक्कल लागत नाही. नाव दोन अक्षरी असो, नाहीतर मालकाने ग्रामदेवता, बायको आणि दोन्ही मुलं एका दमात कोंबलेली असोत, रोझाबायच्या ब्रशाखालून ते नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, असं उतरतं की होडी त्या नावाच्या मापानेच बांधली असावी. अक्षर अक्षराला धक्का देत नाही आणि मध्ये कुठे रिकामं भगदाड दिसत नाही. ही विद्या तिच्या बापाची. बाप गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि ब्रश तिने तिसऱ्या दिवशीच उचलला.

"बाईमाणसान होडयेक रंग लावल्यान तर मासळी गावतली काय?" असं म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा पुष्कळ होते. पुढे तेच होडीवाले तांडेल जुलै महिन्यात तिच्या पडवीत ताटकळत बसायचे, कारण एक ऑगस्टला होड्या पाण्यात जायच्या आणि रोझाबायकडे नंबर लागता लागत नसे. रोझाबाय त्यांना चहासुद्धा विचारायची नाही. बाई मनाची मोठी, पण जिभेची तिखट, आणि विसरायचं म्हणून काही विसरायची नाही.

तर अशी ही रोझाबाय वयाच्या साठाव्या वर्षी कुराणाची पानं लिहायला बसली. अरबीतला अलिफ तिला ठाऊक नव्हता. रविवारी चर्चमध्ये मिसाला जाणारी बाई! पण बसली खरी, आणि अशी बसली की तिच्यासारखं काम करणारं माणूस या किनाऱ्यावर दुसरं दाखवा म्हणावं.

त्याला निमित्त झालं एका डागाचं. आचऱ्याच्या जुबेदा खतीबच्या चुलत्याला आपल्या होडीचं नाव मराठीखाली अरबी अक्षरांतही हवं होतं. त्याने ते कागदावर लिहून दिलं. कागद खिशात घामाने ओला झाला आणि एका अक्षराखाली शाई फुटून तिची शेपटी निघाली. रोझाबायला काय कळणार त्यातलं शाईचं कुठलं आणि अक्षराचं कुठलं? तिने ती शेपटीसुद्धा इमानेइतबारे होडीवर काढली. जुबेदा सुट्टीला घरी आली होती, तिने ते पाहिलं आणि बंदरावर पोट धरून हसली. मग हसता हसता गप्प झाली आणि विचारत विचारत रोझाबायच्या घरी पोचली.

जुबेदा एका मोठ्या कॉलेजात अरबी शिकवते. लहानपणीच सगळं कुराण तिचं पाठ झालेलं. तिचा अभ्यास कुराणाच्या अगदी पहिल्या हस्तलिखितांचा, म्हणजे इस्लामच्या पहिल्या शंभर-दीडशे वर्षांत कातड्यावर लिहिल्या गेलेल्या पानांचा. तेव्हाची अक्षरं उजवीकडे झुकलेली, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, जेमतेम कुठे कुठे, एक शब्द ओळीच्या शेवटी अर्धा राहिला तर उरलेला खालच्या ओळीत. अस्सल पानं परदेशात, काचेच्या आड. जुबेदाकडे त्यातल्या चोवीस पानांची मूळ मापातली छायाचित्रं होती.

"रोझाबाय, तुमका अरबी येता?" तिने पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं.

"माका इंग्लिश येना नाय, अरबी खंयसून येतली?"

"बरां झालां," जुबेदा म्हणाली, आणि पायरीवरच बसली.

कामाचं बोलायचं झालं की ती प्रमाण मराठीवर यायची. तिने समजावून सांगितलं, ते असं. तिला ही चोवीस पानं कातड्यावर, बोरूने, तशाच शाईने हुबेहूब लिहवून घ्यायची होती. छापली तर चित्र मिळेल; पण लिहिणाऱ्याचा हात कुठे वळला, कुठे थांबला, एकदा शाईत बुडवलेला बोरू किती शब्द चालला, ते लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय तिच्या विद्यार्थ्यांना ती पानं हातात धरून बघता आली असती. तिने दोन चांगले लिहिणारे लावून पाहिले होते. दोघेही विद्वान. पण वाचता येणारा माणूस समोर दिसतं ते लिहीत नाही, त्याला माहीत असतं ते लिहितो. जिथे नुक्ता नव्हता तिथे त्यांनी सवयीने दिला.

"म्हणजे तुका अडाणी माणूस होयो," रोझाबाय म्हणाली.

"मला डोळ्यांनी लिहिणारं माणूस हवं आहे."

पडवीच्या कोपऱ्यात रोझाबायचा नवरा प्लासिद जाळं दुरुस्त करत होता. समुद्र सोडून त्याला आठ वर्षं झाली होती, जाळं मात्र सुटलं नव्हतं. तो मान वर न करता म्हणाला, "मगे हिच्यापेक्षा बरां माणूस तुका गावाचा नाय."

बोलणारे बोललेच. देवळाशेजारच्या दुकानात, चर्चच्या अंगणात, तिकडे मशिदीच्या ओट्यावरसुद्धा. ख्रिस्तावाच्या बायकोने कुराण लिहायचं म्हणजे काय? जुबेदाच्या म्हाताऱ्या वडिलांनी रोझाबायला घरी बोलावलं, तिचे रंगाने चिरलेले हात बघितले, आणि "अदबीने लिही, बये" एवढंच म्हणून तिच्यासाठी शहाळं फोडायला सांगितलं. त्यानंतर ओट्यावर कोणी बोललं नाही. चर्चच्या अंगणातल्या बायकांची तोंडं रोझाबायने स्वतःच बंद केली, आणि ती कशी ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सहा महिने ती नुसती पाटीवर रेघा मारत होती. चपटा ब्रश धरणाऱ्या मनगटाला बोरू वळवायला शिकवायचं, म्हणजे पिकल्या वयात नवी चाल शिकायची. वालावलला सिद्धेश नावाचा माणूस पखवाजाची कातडी तयार करतो. त्याने बकऱ्यांची कातडी शिंपल्यांच्या चुन्यात भिजवून, ताणून, खरवडून चोवीस पानांपुरती दिली आणि वर एक जास्तीचं. शाई हिरड्याची आणि हिराकसाची, घरीच कढवलेली; तिच्या वासाने प्लासिदची दुपारची झोप उडायची. रोज सकाळी रोझाबाय विहिरीवर हात, तोंड, पाय धुऊन, केस रुमालात बांधून बसायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जुबेदाने एकदा तसं म्हटलं, तर बाई उखडली.

"मिसाक जाताना मी केस बांधतंय, मगे हंय कित्याक नको? देवाचां तां देवाचांच मां?"

सहाव्या पानाला तिने जी गंमत केली ती जुबेदा अजून सगळ्यांना सांगते. लिहिता लिहिता रोझाबाय थांबली आणि म्हणाली, "हंय माणूस बदललो गो." जुबेदाला कळेना. "आतापर्यंत लिवणारो बोरू अंगठ्यान ढकली होतो. हो नवो आसा, हो बोटान ओढता. वयान म्हातारो असतलो, दमता लवकर." जुबेदा चाटच पडली. त्या पानावर दोन हात आहेत असा संशय तिला कित्येक वर्षं होता, पण तो सिद्ध कसा करायचा ते तिला सापडत नव्हतं. आणि इथे एक होड्या रंगवणारी बाई त्या माणसाचं वयसुद्धा सांगून मोकळी झाली. जुबेदाने उठून रोझाबायचा हात आपल्या कपाळाला लावला. रोझाबाय म्हणाली, "शाई लागात, सोड."

अडीच वर्षांत चोवीस पानं झाली. शेवटची पाच-सहा लिहिताना रोझाबायला कडेचं दिसेनासं झालं होतं. समोरचं अक्षर दिसायचं, पण शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या हात लागून कलंडायचा. कुडाळच्या डॉक्टरने तपासून काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. महिन्याअखेर ऑपरेशन करायचंच, तेही आहे तेवढी नजर राखायला. "बारीक काम त्यानंतर होईल असं मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाला. रोझाबायला वाईट वाटलं, पण फार नाही. काम पुरं झालं होतं. आता डोळे मिटले तरी चालतील, असं ती प्लासिदला म्हणाली आणि वर हसली.

जुबेदा पानं न्यायला आली त्या रविवारी टेबल, बाकडी, खाट सगळीकडे पानं मांडली होती. प्रत्येकाशेजारी त्याचं छायाचित्र. प्लासिद हातातली जाळ्याची सुई तशीच घेऊन बघायला आला. त्याला वाचता मराठीसुद्धा जेमतेम येतं. तो एकेका पानासमोर उभा राहून, मान तिरकी करून, पुढे सरकत होता. नवव्यापाशी थांबला. खाली वाकला. परत छायाचित्राकडे बघितलं.

"रोझा, हंय जाळां फाटलेलां आसा. तू शिवून टाकलंस."

"काय बडबडतंस?"

"बघ मगे. ह्या फोटोत खालसून चौथी ओळ. हंय घरां बारीक झाली हत, एकात एक घुसली हत. तुझ्या पानार सगळी घरां सारखी."

रोझाबायने दोन्ही पानं उचलून खिडकीशी नेली, नाकाला लागतील इतकी जवळ धरली.

मूळ लिहिणाऱ्याने त्या ओळीत काही शब्द गाळले होते. चूक ध्यानात आल्यावर त्याने ओळ सुरीने खरवडली आणि तेवढ्याच जागेत सगळे शब्द दाटीवाटीने बसवले. खरवडलेल्या अक्षरांच्या शेपट्या मागे अंधुक राहिल्या होत्या. रोझाबायच्या पानावर ती ओळ ऐसपैस होती. एक शब्द खाली सरकला होता, खालच्या दोन ओळी मागेपुढे होऊन नीट जुळल्या होत्या. दाटी नव्हती, शेपट्या नव्हत्या. ते पान तिने जुलैत लिहिलं होतं. सकाळी पान, दुपारी होड्या. त्या महिन्यात अकरा होड्या. एव्हाना अक्षरंही हाताच्या ओळखीची झाली होती. ओळखीचं झालं की हात शेफारतो. दाटी दिसली आणि चाळीस-बेचाळीस वर्षांच्या सवयीने ती मोकळी केली. कधी केली ते तिला कळलंसुद्धा नव्हतं.

"आणि तू?" ती जुबेदावर उसळली. "तू तपासलंस मां?"

जुबेदाचं तोंड उतरलं. तिने तपासलं होतं, पण कसं? पानावर बोट ठेवून म्हणत गेली होती. शब्द सगळे जागच्या जागी होते. जे पाठ आहे ते तिला ऐकू आलं आणि दिसायचं राहून गेलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "राहू दे, रोझाबाय. मी सोबत टीप लिहीन. डोळ्यांपेक्षा पान मोठं नाही."

"टीप कसली लिवतंस? अगो, तो बिचारो चुकलो, त्यान सगळ्यांदेखत खरवडल्यान, परत लिवल्यान. तेराशे वर्सां ती चूक थंयच आसा, त्यान लपवल्यान नाय. आणि मी कोण गो लपवणारी?"

जुबेदा रडायला लागली, तर रोझाबाय आणखी चिडली.

ऑपरेशनला बावीस दिवस होते. कातडं उरलं होतं एकच. सिद्धेशकडून नवं यायचं तर दीड महिना. म्हणजे एकच संधी. प्लासिदला पश्चात्ताप झाला. "माझी जीभ झडाक होई होती," असं तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. रोझाबाय त्याला म्हणाली, "घोवान जन्मात एकदा कामाचां सांगल्यान, ता पण वायट वाटून घेतलंस?"

बारा दिवस ती पाटीवर तेवढी एकच ओळ लिहीत होती आणि जमत नव्हतं. अक्षरं कोंबली की हात आपसूक सैल पडायचा. पुसायचं, परत लिहायचं. "जल्मभर बरां लिवूक शिकलंय," ती म्हणायची, "आता म्हातारपणी वायट लिवूक शिकतंय. शिरां पडो ह्या हातार!" पण बाराव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तो माणूस वाईट लिहीत नव्हताच. तो धास्तावलेला होता. एकही शब्द बाहेर राहता कामा नये म्हणून जीव मुठीत धरून लिहीत होता. तिला त्याची माया आली. त्यानंतर हात पुन्हा सैल पडला नाही.

कातड्यावर बाकीच्या ओळी सहा दिवसांत झाल्या. मग तो खरवडलेला तुकडा. आधी त्याची पुसलेली अक्षरं लिहायची, ती सुकवायची, मग सुरीने खरवडायची, फक्त शेपट्या राहतील इतकी. सुरी जरा खोल गेली की कातड्याला भोक, आणि दुसरं कातडं नाही. जुबेदा रजा घेऊन आली होती. ती जमिनीवर बसली, पदर तोंडात धरून. प्लासिद दारात. रोझाबायने सुरी हातात घेतली, वाकून बघितलं, आणि सुरी खाली ठेवली.

"माका कडा दिसना नाय," ती म्हणाली.

मग तिने डोळे मिटले. डाव्या हाताचं मधलं बोट कातड्यावर फिरवलं. शाईचा पापुद्रा बोटाला लागत होता. तिने बोटाच्या मागोमाग सुरी नेली, हलकेच, थांबून थांबून, बोट पुढे आणि सुरी मागे. सगळी सकाळ त्या वीतभर जागेत गेली. खरवडलेल्या कातड्यावर शाई पसरते, म्हणून वर समुद्रफेन घासलं. माकुलाचं ते पांढरं हाड प्लासिदनेच वाळूतून वेचून आणलं होतं. आणि दुपारी जेवायला न उठता तिने डोळे उघडून, नाक कातड्याला टेकेल इतकं वाकून, ती ओळ लिहिली. सगळे शब्द मावले. एकमेकांच्या अंगावर पडून, पण मावले.

या वेळी जुबेदाने तोंडातून एक अक्षर काढलं नाही. ती आणि प्लासिद दोघं मिळून, छायाचित्र शेजारी धरून, एकेक फट मोजत गेली. प्लासिद वर बघून म्हणाला, "बरोबर आसा." आणि बाहेर जाऊन विहिरीवर तोंड धुऊन आला.

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यात मधोमध जेवढं दिसत होतं तेवढं राहिलं. घर, माणूस, रस्ता दिसतो. बोरूचं टोक दिसत नाही. बोरू तिने स्वतःच गुंडाळून माळ्यावर टाकले.

आता प्रश्न उरला त्या पहिल्या नवव्या पानाचा. कुराणाचं निरुपयोगी झालेलं पान केरात टाकत नाहीत, चुलीत घालत नाहीत. इकडची रीत अशी की स्वच्छ कापडात गुंडाळून, दगड बांधून, खोल समुद्रात सोडायचं. रोझाबायनेच आठवण केली. प्लासिदने होडी मागून आणली, दगड निवडून धुऊन ठेवला. जुबेदा पांढऱ्या कापडात पान घेऊन किनाऱ्यावर आली, पण होडीत चढेना.

"चल गो, ओहोटी लागली," रोझाबाय म्हणाली.

"हे सोडायचं कशासाठी?"

"चुकलेलां आसा म्हणान."

"नक्कल म्हणून चुकलं," जुबेदा म्हणाली. "पण मी काल ते पुन्हा वाचलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. हे निरुपयोगी कसं? ती चोवीस पानं त्या लोकांची आहेत, रोझाबाय. त्यांचा हात, त्यांची धास्ती. हे एकच तुमच्या हाताचं आहे. अब्बांनी ते मागितलंय. सकाळी वाचायला. म्हणाले, मोकळं लिहिलंय, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतं."

रोझाबाय गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने हात पुसले, जुबेदाच्या हातातून पान घेऊन कापड उलगडलं आणि ते पान उजव्या डोळ्यासमोर धरून हळूहळू सरकवत गेली, खालून चौथ्या ओळीपर्यंत. त्या ओळीवरून तिने बोट फिरवलं. दगड घेऊन होडीत बसलेल्या प्लासिदला वाटलं की ही आता रडणार.

"ओळ मात्र बरी इली हा गो," ती म्हणाली.